लुईझियानाचा गम्बो : कोणाकोणाच्या हातचा?

बायूकाठी

अमेरिकेला स्वतःचं असं खाणं नाही, जे आहे ते बर्गर आणि डबाबंद, हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोललं जातं. दक्षिण लुईझियानात बरीच वर्षं संसार केल्यावर मला ते ऐकवत नाही, म्हणून हा धागा काढते आहे. सगळ्या अमेरिकेबद्दल बोलायचं नाही. एका राज्याबद्दल बोलायचं आहे, आणि त्यातही मुख्यतः गम्बोबद्दल.

ज्यांनी खाल्लेला नाही त्यांच्यासाठी सांगते. गम्बो म्हणजे गडद तपकिरी, पातळसर रस्सा. खोलगट ताटलीत रस्सा आणि त्याच्या मधोमध मोकळा पांढरा भात. रश्शात एकतर कोंबडी आणि धुरावलेलं सॉसेज, नाहीतर कोळंबी, खेकडे, कालवं. कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची या तिघांशिवाय इथे कुठल्याच रश्शाची सुरुवात होत नाही. रस्सा मिळून यायला तेलात भाजलेला मैदा म्हणजे रू घालतात, किंवा भेंडी, किंवा ससाफ्रस या झाडाच्या वाळवलेल्या पानांची पूड, जिला इथे फिले म्हणतात.

रू फ्रेंचांकडून आला. भेंडी पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर आली. फिले इथल्या मूळ रहिवाशांची, चॉक्टॉ लोकांची. ते ती दळून बाजारात विकायला आणत. हॉटेलांच्या मेनूकार्डावर मात्र अडीचशे-तीनशे वर्षांचा हा सगळा व्यवहार ‘फ्रेंच वारसा’ या दोन शब्दांत गुंडाळलेला असतो.

भाताचंच बघा. न्यू ऑर्लिन्स वसलं १७१८ साली. दलदल, दमट हवा, गहू काही पिकेना. १७१९ मध्ये पश्चिम आफ्रिकेतून गुलामांना घेऊन पहिली जहाजं आली, तेव्हा त्यांच्या कप्तानांना सूचनाच होती की येताना पेरणीसाठी भाताची पिंपं आणा आणि भातशेती जाणणारी माणसंही आणा. म्हणजे नुसती मजुरी नको होती, त्यांची विद्याही हवी होती. त्या माणसांनी मिसिसिपीच्या काठी भात पिकवला आणि वसाहत जगली. आज इथे भाताशिवाय ताट नसतं, त्यामागे ही माणसं आहेत. त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत.

१७२१ पासून जर्मन शेतकरी आले आणि शहराच्या वरच्या अंगाला नदीकाठी वसले. त्या पट्ट्याला अजूनही ‘जर्मन किनारा’ म्हणतात. तिथलंच लाप्लास गाव आन्दुईसाठी प्रसिद्ध आहे. आन्दुई म्हणजे जाडसर चिरलेल्या डुकराच्या मांसाचं, लसूण-मिरी घातलेलं, धुरावलेलं सॉसेज. नाव फ्रेंच, गाव जर्मन वस्तीचं, आणि धुरी पिकान झाडाच्या लाकडाची, जे झाड ना फ्रान्समध्ये ना जर्मनीत. मग अ‍ॅकेडियन आले. नोव्हा स्कॉशियातल्या या फ्रेंच भाषक शेतकऱ्यांना ब्रिटिशांनी १७५५ पासून घरादारातून हुसकावलं. कुटुंबं तोडून जहाजांत कोंबली. त्यातले काही १७६४-६५ च्या सुमारास लुईझियानात पोचले, आणखी बरेच १७८५ मध्ये फ्रान्समधून सात जहाजांनी आले. तेच आजचे केजन. थंड प्रदेशातली ही माणसं पाणथळीत येऊन पडली आणि मगर, कासव, बेडूक, क्रॉफिश जे हाती लागेल ते रांधायला शिकली. मधली जवळजवळ चाळीस वर्षं राज्य स्पेनचं होतं. १८०९-१० मध्ये सां-दोमिंग, म्हणजे आजच्या हैतीमधून बाहेर पडलेले नऊ हजारांवर निर्वासित क्युबामार्गे न्यू ऑर्लिन्सला उतरले आणि शहराची लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली. त्यात गोरे, मुक्त कृष्णवर्णीय आणि गुलाम अशी तीन थरांची माणसं होती.

एवढा इतिहास सांगितला, कारण त्याशिवाय गम्बोची चव लागते पण कळत नाही. आता चुलीकडे येऊ.

बिडाच्या जाड बुडाच्या भांड्यात अर्धी वाटी तेल, अर्धी वाटी मैदा. मंद ते मध्यम आच. लाकडी उलथन्याने सतत ढवळायचं, अर्धा-पाऊण तास. आधी पांढरट, मग बदामी, मग तांब्यासारखा, मग चॉकलेटी. फोन घ्यायचा नाही, दार उघडायला जायचं नाही. काळे ठिपके दिसले तर सगळं टाकून नव्याने सुरू करायचं, त्याला दुसरा उपाय नाही. चॉकलेटी झाला की बारीक चिरलेले दोन कांदे, दोन दांड्या सेलरी, एक ढोबळी मिरची त्यात घालायची. भाज्यांच्या पाण्याने मैद्याची भाजणी तिथेच थांबते. मग लसूण, तमालपत्र, लाल तिखट, मिरपूड, दोनेक लिटर कोंबडीचं किंवा कोळंबीच्या टरफलांचं उकळलेलं पाणी, आणि तासभर मंद आच.

हळद नाही, गरम मसाला नाही, कोथिंबीर नाही. ही विनंती नव्हे, आग्रह समजा. गम्बोत आपला मसाला टाकला की दुसरा एखादा चांगला रस्सा होईल, पण गम्बो होणार नाही.

सुरंगी

सुंदर धागा, बायूकाठी. दोन शंका. मैदा एवढा भाजल्यावर दाटपणा उरतो का? आणि भेंडीची तार कशी जिरवायची? आमच्याकडे भेंडीत पाणी गेलं की सासूबाई भांड्याकडे बघतही नाहीत.

बायूकाठी

सुरंगी, बरोबर पकडलंत. रू जितका गडद, तितकी त्याची दाट करायची ताकद कमी. म्हणून गडद रूचा गम्बो पातळच असतो, आणि तो तसाच हवा. तिथे मैदा दाटपणासाठी नसतो, चवीसाठी असतो. बेसनाच्या लाडवांचं पीठ खमंग होताना घर कसं भरून जातं, तसाच हाही वास ओळखूनच थांबायचं असतं.

भेंडीची तार काही ठिकाणी हवीच असते, ती रस्सा धरून ठेवते. ज्यांना नको ते भेंडी वेगळ्या भांड्यात तेलावर, थोडा टोमॅटो किंवा व्हिनेगर घालून, अर्धा-पाऊण तास परततात आणि मगच गम्बोत घालतात. आंबटाने आणि आचेने तार बरीच मोडते. तुम्ही भेंडीत चिंच, आमसूल किंवा दही घालता, त्यामागचं कारणही हेच.

आणि भेंडी व फिले सहसा एकत्र घालत नाहीत. भेंडी उन्हाळ्याची. हिवाळ्यात भेंडी नसे तेव्हा फिले. फिले उकळत्या रश्शात कधीच टाकायची नाही, चिकट दोरे सुटतात. गॅस बंद करून, किंवा सरळ ताटात वरून.

नीरक्षीर

लेख आवडला, पण एका मुद्द्यावर थांबतो. फ्रेंचांचं श्रेय तुम्ही जरा जास्तच कमी करताय असं वाटलं. रू त्यांचा, कांदा-सेलरी-गाजराच्या फोडणीची पद्धत त्यांची (गाजराच्या जागी मिरची आली एवढंच), मांसाचं पाणी काढून त्यावर रस्सा उभा करणं त्यांचं. सांगाडा फ्रेंच आहे हे मान्य करायला काय हरकत आहे?

आणि केजन आणि क्रेओल यांत नक्की फरक काय, हेही कोणीतरी नीट सांगा. हॉटेलवाले दोन्ही शब्द एकाच दमात वापरतात.

बायूकाठी

नीरक्षीर, सांगाड्याची सुरुवात फ्रेंच आहे, हे मी नाकारत नाही. पण फ्रेंच स्वयंपाकघरात रू बदामी रंगाच्या थोडा पुढे जाऊन थांबतो. चॉकलेटी, जवळजवळ काळा होईपर्यंत नेणं ही लुईझियानाची रीत आहे. एकाच भांड्यात भाजी, मासे, मांस, तिखट एकत्र शिजवून भातावर ओतणं तर सेनेगलपासून घानापर्यंत आजही रोजचं जेवण आहे. तिथल्या भेंडीच्या रश्शाचा फोटो बघा, चुलत भावंडं लगेच ओळखू येतील. शहरातल्या श्रीमंत घरांत चुलीपाशी उभ्या असत त्या गुलाम बायका. मालकीण फ्रेंच बोलून पदार्थ सांगे, पण मीठ कधी, तिखट किती, भांडं कधी उतरवायचं हे ठरवणारा हात दुसराच होता. पुढे पाककृतींची पुस्तकं छापली गेली ती मालकिणींच्या बाजूने. ज्यांनी रांधलं त्यांना बहुतेकदा लिहायला-वाचायला शिकण्याची मुभाही नव्हती. माझं म्हणणं एवढंच आहे की श्रेय देताना लेखणीकडे बघून देऊ नये.

केजन-क्रेओलचा ढोबळ फरक असा: क्रेओल म्हणजे न्यू ऑर्लिन्स शहराचं खाणं. बंदराचं गाव, बाजारात सगळं मिळे, लोणी, टोमॅटो, वेगवेगळे पदार्थ वेगवेगळ्या भांड्यांत. केजन म्हणजे पश्चिमेकडच्या पाणथळीचं आणि गवताळ भागाचं खाणं. एक भांडं, डुकराची चरबी, गडद रू, आणि गम्बोत टोमॅटो घातला तर लोक खरोखर दुखावतात. त्याच ग्रामीण भागात कृष्णवर्णीय क्रेओल कुटुंबंही पिढ्यान्‌पिढ्या आहेत, गुरं राखणारी, फ्रेंच बोलणारी, आणि त्यांचा गम्बो शेजारच्या केजन घरासारखाच असतो. त्यामुळे रेघ मारायला गेलात की ती पुसली जाते.

आणखी एक. ‘केजन मसाला’ म्हणून जगभर विकतात आणि मासा काळा होईपर्यंत तव्यावर जाळतात, ती जुनी केजन रीत नाही. ती पॉल प्रूडोम या शेफची देणगी. १९७९ मध्ये त्यांनी न्यू ऑर्लिन्सला हॉटेल काढलं, ऐंशीच्या दशकात तो मासा एवढा गाजला की मेक्सिकोच्या आखातातल्या रेडफिश माशावर संकट आलं आणि सरकारला मासेमारीवर निर्बंध घालावे लागले. माणूस अस्सल केजन घरातला आणि मोठा बल्लव होता, याबद्दल मात्र वाद नाही.

देशस्थ_ह्यूस्टन

क्रॉफिशचा विषय निघालाच आहे तर आमच्या गावची भर.

क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातला बोटभर लांबीचा, पुढे नांग्या असलेला जीव. लुईझियानात वसंतात अंगणात मोठं भांडं मांडतात, पाण्यातच मीठ, तिखट, लिंबू, तमालपत्र, बटाटे, कणसं, अख्खे लसणाचे गड्डे, आणि त्यात पोतंभर जिवंत क्रॉफिश. उकळी आली की आच बंद करून तसेच मुरू देतात. मग टेबलावर वर्तमानपत्रं पसरून त्यावर सगळं ओततात आणि उभ्यानेच खातात.

१९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडल्यावर व्हिएतनामी निर्वासित आखाताच्या किनाऱ्यावर आले. हवा, कोळंबी, भात, फ्रेंच पाव, सगळं ओळखीचं. पुष्कळजण मासेमारीत शिरले. त्यांनी क्रॉफिश तसाच उकडला आणि वर वितळलेल्या लोण्यात भरपूर लसूण, संत्रं-लिंबू, तिखट घालून त्यात तो घोळवला. आज ह्यूस्टनच्या बेलएअर रस्त्यावर हंगामात रांगा लागतात त्या याच क्रॉफिशसाठी. बायूकाठींच्या राज्यातले कट्टर लोक नाक मुरडतात. त्यांचं म्हणणं, मसाला पाण्यात जायला हवा, टरफलावर नाही. मला दोन्ही आवडतात, पण लसूण-लोण्याचा जास्त.

हे सगळं प्रेमाने झालं असं मात्र नाही. टेक्ससच्या सीड्रिफ्ट गावी १९७९ मध्ये गोऱ्या आणि व्हिएतनामी मच्छीमारांमधला तंटा खुनापर्यंत गेला, व्हिएतनामींच्या होड्या जाळल्या गेल्या. पुढे गॅल्व्हेस्टनच्या खाडीत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचे लोक बंदुका घेऊन होडीतून फिरले. १९८१ मध्ये व्हिएतनामी मच्छीमारांच्या संघटनेने खटला भरला आणि ह्यूस्टनच्या न्यायाधीश गॅब्रिएल मॅक्डोनल्ड यांनी क्लॅनला मनाई हुकूम दिला. त्या स्वतः कृष्णवर्णीय होत्या, आणि त्या खटल्यात त्यांनाही धमक्या आल्या. ताटात दिसणारं मिश्रण किनाऱ्यावर इतकं सहज मिसळलेलं नव्हतं.

बायूकाठी

ही भर फार महत्त्वाची, धन्यवाद. न्यू ऑर्लिन्सचंही तेच. सिसिलियन लोकांनी दिलेलं मुफुलेटा सँडविच सगळ्यांना हवं असतं. गोल तिळाचा पाव, थरावर थर सलामी-चीजचे, वर ऑलिव्हचं तेलकट लोणचं. १९०६ पासून फ्रेंच क्वार्टरमधल्या एका वाणसामानाच्या दुकानाशी त्याचं नाव जोडलेलं आहे. पण त्याच शहरात मार्च १८९१ मध्ये जमावाने तुरुंगात घुसून ११ इटालियनांना ठार केलं होतं. खाणं स्वीकारलं म्हणजे माणूस स्वीकारला असं होत नाही. ‘सगळे एका भांड्यात विरघळले’ ही गोष्ट म्हणूनच मला खोटी वाटते.

व्हिएतनामी पावाबद्दल: न्यू ऑर्लिन्सच्या पूर्व भागातली डाँग फुओंग बेकरी १९८२ पासून आहे. तिला २०१८ मध्ये जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानचा ‘अमेरिकाज क्लासिक्स’ सन्मान मिळाला. कार्निव्हलच्या दिवसांत तिच्या किंग केकसाठी अख्खं शहर रांगेत असतं.

तिरफळ

गोव्याहून वाचतोय. इथे स्पॅनिश अमलाचा उल्लेख आला म्हणून विचारतो, गम्बोत आमचं चुरीस चालेल का? आन्दुई इथे कुठून आणणार?

बायूकाठी

तिरफळ, लुईझियानात चॉरिस नावाचं तिखट ताजं सॉसेज आहे. स्पॅनिश काळाशी त्याचा संबंध जोडतात, म्हणजे तुमच्या चुरीसाचं लांबचं नातेवाईकच. पण गोव्याचं चुरीस माडाच्या व्हिनेगरमध्ये मुरलेलं असतं. तो आंबटपणा आणि मिरचीचा लाल रंग रूचा तपकिरी खमंगपणा झाकून टाकतो. ते पावाबरोबरच खावं. गम्बोसाठी साधं धुरावलेलं सॉसेज घ्या, चिकनचंही चालेल. तुकडे आधी कोरड्या भांड्यात लाल करून घ्या आणि सुटलेली चरबी रूच्या तेलात धरा.

तिरफळ

समजलं. चरबीची सूचना सोन्यासारखी.

कडबोळं

आम्ही शाकाहारी. आमच्यासाठी या धाग्यात काही आहे का, की नुसतं वाचून समाधान मानायचं?

बायूकाठी

आहे की! गम्बो झेर्ब, म्हणजे पालेभाज्यांचा गम्बो. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी तो करतात. पालेभाज्यांची संख्या विषम हवी, सात, नऊ, अकरा. जितक्या भाज्या तितके नवे मित्र त्या वर्षी मिळतात, असं म्हणतात. मोहरीचा पाला, कोलार्ड, सलगमचा पाला, बीटाचा पाला, गाजराचा पाला, पालक, कोबी, हे सगळं उकडून, वाटून किंवा बारीक चिरून रूमध्ये.

हा गम्बो आठवला की लीया चेस आठवतातच. १९२३ चा जन्म, २०१९ मध्ये ९६ व्या वर्षी गेल्या. न्यू ऑर्लिन्सच्या ट्रेमे भागातलं डूकी चेस हे हॉटेल १९४१ चं, सासरच्यांचं. लग्न होऊन आल्यावर त्यांनी ते घडवलं. कृष्णवर्णीयांना शहरातल्या चांगल्या हॉटेलांत प्रवेश नव्हता तेव्हा यांच्याकडे पांढऱ्या टेबलक्लॉथवर जेवण मिळे. नागरी हक्कांच्या चळवळीतले कार्यकर्ते, काळे आणि गोरे, वरच्या खोलीत एकत्र बसून गम्बो खात आणि पुढचा कार्यक्रम ठरवत. असं एकत्र बसणं तेव्हा कायद्याविरुद्ध होतं. दर पवित्र गुरुवारी त्या पालेभाज्यांचा गम्बो रांधत. त्यांच्या गम्बोत मांस भरपूर असे, पण उपवासाच्या दिवसांत बिनमांसाचा करण्याची रीतही जुनी आहे, त्यामुळे तुम्ही केलात तर ती पळवाट नाही.

पुण्या-मुंबईत मोहरीचा पाला, मुळ्याचा पाला, नवलकोलाची पानं, बीटाचा पाला, पालक, कोबी, कांद्याची पात, झाल्या सात. रू गडद करा, उकडलेल्या भाज्यांचंच पाणी वापरा, आणि शेवटी तिखट जरा चढं ठेवा. धुरी हवी असेल तर कोळसा-तुपाची देऊ नका, तुपाचा वास वेगळीकडे नेतो. धुरावलेली लाल मिरचीपूड मिळाली तर ती घाला.

आणखी एक पदार्थ तुमच्यासाठी आहे, राजम्यासारख्या तांबड्या कडधान्याचा. रेड बीन्स आणि भात. सोमवार धुण्याचा वार, बायकांना चुलीपाशी उभं राहायला वेळ नसे, म्हणून रविवारच्या हॅमचं हाड घालून ते कडधान्य मंद आचेवर सोडून देत. हाड वगळलं तर आपल्याला अगदी ओळखीचं ताट.

आजोळ

वेंगुर्ल्याकडचा आहे. मागे कुठेतरी ऐकलं होतं की लुईझियानातही सुकी कोळंबी करतात. खरं का? सोडे आणि अमेरिका, डोक्यात बसत नाही.

बायूकाठी

अगदी खरं, आणि तुम्ही विचारलंत याचा फार आनंद झाला.

मिसिसिपीच्या मुखाशी, बराटारियाच्या उपसागरात, एकोणिसाव्या शतकात फिलिपिनो आणि चिनी लोकांनी पाण्यात खांब रोवून लाकडी मंच उभारले. कोळंबी खाऱ्या पाण्यात उकडायची, त्या उतरत्या मंचांवर उन्हात पसरायची, दाताळ्यांनी उलटीपालटी करायची. पार वाळली की माणसं पायाला फडकी बांधून तिच्यावर गोलगोल पावलं टाकत चालत, म्हणजे टरफलं सुटत. त्याला ‘कोळंबी नाचवणं’ म्हणत. बर्फ नव्हता, गाड्या नव्हत्या, आणि ताजी कोळंबी त्या उकाड्यात तासांत नासे. वाळवलेली मात्र जहाजाने थेट आशियापर्यंत जाई.

सर्वांत मोठी वस्ती मनिला व्हिलेज. १९६५ च्या बेट्सी चक्रीवादळाने ती नेली. त्याआधीची फिलिपिनो वस्ती सेंट मालो, बोर्न सरोवराकाठी खांबांवरची घरं, ती १९१५ च्या वादळात गेली. स्पॅनिश जहाजांवर राबणारे खलाशी तिथे वसले होते.

वाळवलेली कोळंबी आजही इथे दुकानात लहान पाकिटांत मिळते. केजन घरांत लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतल्या, शुक्रवारी, मांस चालत नाही तेव्हा, तिचा गम्बो करतात आणि त्यात अख्खी अंडी उकडतात. सोड्यांच्या कालवणात बटाटा घालणाऱ्या माणसाला यात काहीच परकं वाटणार नाही.

आजोळ

अंगावर काटा आला. आमच्याकडेही पावसाळ्याची बेगमी म्हणून मे महिन्यात अंगणभर सोडे, जवळा वाळत असतो. कावळे राखायला पोरं बसवतात. आईला वाचून दाखवतो.

वाफाळ

क्रॉफिश शेतात वाढवतात असं वाचलं होतं. भाताच्याच शेतात?

बायूकाठी

हो. नैर्ऋत्य लुईझियानात क्रॉली गावच्या आसपास. वसंतात भात पेरतात, जुलै-ऑगस्टमध्ये कापतात. शरदात त्याच खाचरांत पुन्हा पाणी सोडतात. कापणीनंतरच्या धसकटांना फुटवे येतात, ते कुजू लागले की त्यावर वाढणारे बारीक जीव क्रॉफिशचं अन्न होतात. उन्हाळाभर चिखलात बिळं करून बसलेल्या माद्या पाणी आलं की पिल्लं घेऊन बाहेर येतात. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत जाळीचे सापळे लावून पकडतात. होड्यांना मागे चाक असतं, बांध आला की होडी त्यावरून चालतच पलीकडच्या खाचरात जाते. एका जमिनीत दोन पिकं. जंगली क्रॉफिश येतो तो अचाफलाया नदीच्या पाणथळीतून, तो पाण्याच्या पातळीवर अवलंबून, त्यामुळे वर्षावर्षाला भाव हलतो.

आजोळ

आमच्याकडे मळ्यात मुठे असतात, पहिल्या पावसात चढणीचे मासे. पण ते आपोआप येतात, असं पाणी सोडून धरलेले नाहीत. कोकणात पावसाळ्यानंतर पडीक राहणाऱ्या खाचरांचा असा विचार व्हायला हवा. अर्थात जीव आपलेच हवेत, क्रॉफिश आणून सोडायचा नाही. तो बाहेरून नेला तिथे बऱ्याच ठिकाणी त्याने बांध पोखरलेत.

पुरंदर

थोडं अवांतर. मी मिशिगनच्या अगदी उत्तरेला, कीविनॉ भागात राहतो. इथे तांब्याच्या खाणी होत्या, १८४० च्या दशकापासून इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधले खाणकामगार आले, सोबत पेस्टी आणली. मांस, बटाटा, कांदा आणि रुटाबागा हा कंद भरून अर्धचंद्राकृती भाजलेली. पुढे फिनलंडचे लोक आले, त्यांनी ती एवढी आपलीशी केली की आज इथले फिनिश लोक ती त्यांचीच समजतात. रुटाबागा वगळला तर भांडण ठरलेलं. तुमच्याकडे टोमॅटोवरून, आमच्याकडे कंदावरून.

माघी

कॅलिफोर्नियातून अजून एक अवांतर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातून शेतमजूर आले. कायद्याने त्यांना गोऱ्या स्त्रियांशी लग्न करता येत नव्हतं, १९२३ च्या भगतसिंग थिंद खटल्यानंतर नागरिकत्वही नाही. त्यांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्नं केली, इम्पीरियल व्हॅलीत आणि युबा सिटीच्या आसपास. युबा सिटीत अशाच एका कुटुंबाच्या हॉटेलात पोळीत चीज घालून केलेला केसाडिया मिळायचा. घरात एका चुलीवर पोळी आणि तोर्तिया.

बायूकाठी

माघी, पुरंदर, अवांतर कसलं, दोघांनीही स्वतंत्र धागे काढा. भारतीयांचा एक धागा न्यू ऑर्लिन्सलाही आहे: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हुगळीकडचे बंगाली मुसलमान फेरीवाले चिकनकारी आणि रेशीम विकायला अमेरिकेत आले आणि त्यातले काही ट्रेमे भागात कृष्णवर्णीय, क्रेओल स्त्रियांशी लग्न करून स्थायिक झाले. डूकी चेस ज्या वस्तीत आहे, तीच ही.

सुरंगी

येत्या रविवारी करणार. फिले पुण्यात मिळाली नाही. परदेशातून मागवू का? ससाफ्रसवर बंदी आहे असंही वाचलं.

बायूकाठी

मागवायची गरज नाही, भेंडी घाला, तो पूर्ण गम्बो आहे. बंदी १९६० पासून अमेरिकेत आहे ती ससाफ्रसच्या तेलातल्या सॅफ्रोलवर. ते मुख्यतः मुळांच्या सालीत असतं. पानांत ते जवळजवळ नसतंच, म्हणून फिले राजरोस विकली जाते.

कोळंबीचा करणार असाल तर बाजारातून डोक्यासकट आणा. डोकी आणि टरफलं थोड्या तेलावर परतून पाऊण तास उकळा आणि गाळून घ्या, तेच गम्बोचं पाणी. सोललेली कोळंबी मात्र अगदी शेवटी, गॅस बंद करायच्या पाच मिनिटं आधी. खेकडे घालणार असाल तर ते भेंडीबरोबर सुरुवातीलाच. भात वेगळा, मोकळा, बिनफोडणीचा. आणि जमलं तर शनिवारी रात्रीच करून ठेवा, कोळंबी तेवढी रविवारी गरम करताना घाला.